ग्लॅडिओलस : एका पुष्पनामाचा इतिहास आणि पुष्पदानाचे संकेत

१

फुलांना अर्थ असतो ही समजूत इतकी रूढ आहे की, तो अर्थ त्यांना कोणी व केव्हा दिला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ग्लॅडिओलस या फुलाविषयी आज जे सांगितले जाते ते याचे बोलके उदाहरण होय. हे फूल सामर्थ्याचे व विजयाचे प्रतीक आहे. प्राचीन रोममध्ये विजयी ग्लॅडिएटरांवर प्रेक्षक या फुलांचा वर्षाव करीत. म्हणून आजही ते विजेत्याला देणे उचित होय, असे पुष्पविक्रेत्यांच्या पत्रकांत आणि उद्यानविद्येवरील लोकप्रिय लेखनात वारंवार वाचावयास मिळते.

या विधानात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत. पहिली नावाची व्युत्पत्ती, दुसरी अर्थाची परंपरा आणि तिसरी भेट देण्याची चाल. या तिन्हींचा उगम एकच, असे येथे गृहीत धरले आहे. परंतु प्रत्येकीचा इतिहास वेगळा काढून पाहिला असता त्यांचे काळ आणि प्रदेश भिन्न असल्याचे दिसून येते. व्युत्पत्ती हा शब्दाच्या इतिहासाचा पुरावा आहे. तो चालीरीतीच्या इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

प्रथम नावाचा विचार करू. लॅटिनमध्ये ‘ग्लॅडियस’ म्हणजे तरवार. त्याला लघुत्ववाचक प्रत्यय लागून ‘ग्लॅडिओलस’, म्हणजे छोटी तरवार, हा शब्द झाला. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनीच्या ‘निसर्गेतिहासा’त तो वनस्पतिनाम म्हणून येतो. ‘ग्लॅडियस’ हा शब्द स्वतः लॅटिनने केल्टिक भाषांकडून उसना घेतला असावा, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. वनस्पतीला तरवारीचे नाव देण्याची कल्पनाही रोमनांची स्वतंत्र नव्हे. ग्रीकांमध्ये याच वर्गातील वनस्पतीला ‘झिफिऑन’ आणि ‘फास्गानॉन’ अशी दोन नावे होती. ‘झिफॉस’ म्हणजे तरवार आणि ‘फास्गानॉन’चा मूळ अर्थही तरवारच.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे नाव फुलावरून पडलेले नाही, तर पानावरून पडले आहे. लांबट, टोकदार, मध्ये उठावदार शीर असलेले पान पात्यासारखे दिसते, एवढाच त्याचा आधार. संस्कृत कोशांत ‘असिपत्र’ हे उसाचे एक नाव म्हणून नोंदलेले आहे. तेथेही पानाची धार हेच नामकरणाचे निमित्त आहे. त्यावरून ऊस हे शौर्याचे प्रतीक होते असा निष्कर्ष कोणी काढीत नाही.

पानावरून पडलेले नाव एकाच वनस्पतीला चिकटून राहत नाही. तसलेच पान असलेल्या दुसऱ्या वनस्पतीकडे ते सहज सरकते. लॅटिन ‘ग्लॅडिओलस’ प्राचीन इंग्रजीत ‘ग्लेडेने’ या रूपाने आला आणि आयरिस कुलातील वनस्पतींना लागला. आजही ‘ग्लॅडन’ हे एका आयरिसचे नाव आहे. जर्मनमध्ये ‘श्वेर्टलिलिए’, म्हणजे शब्दशः ‘तरवार-लिली’, हे आयरिसचे नाव आहे. इंग्रजीत त्याच अर्थाचे ‘सोर्ड लिली’ हे नाव ग्लॅडिओलसला आहे. ग्रीक ‘झिफिऑन’ आज स्पॅनिश आयरिसच्या शास्त्रीय नावात जाऊन बसले आहे. १७५३ साली लिनियसने आपल्या ‘वनस्पतींच्या जाती’ या ग्रंथात ग्लॅडिओलस ही प्रजाती स्थिर केली, तेव्हा शास्त्रापुरता हा गोंधळ मिटला. म्हणून लिनियसपूर्व लेखनात ‘ग्लॅडिओलस’ असे आढळले की आजचे फूलच अभिप्रेत आहे असे समजणे धोक्याचे ठरते.

यानंतर या नावाची भाषांतरे होत गेली. पोलिशमध्ये ‘मिएचिक’ म्हणजे छोटी तरवार. यात लॅटिनमधील लघुत्वप्रत्ययसुद्धा जसाच्या तसा उतरला आहे. लिथुएनियनमध्ये ‘कार्देलिस’, हंगेरियनमध्ये ‘कार्दविराग’, रशियनमध्ये ‘श्पागा’ म्हणजे तरवार यावरून ‘श्पाझ्निक’, चिनीमध्ये ‘ज्येन-लान’ म्हणजे तरवार-ऑर्किड. शब्द उसना न घेता त्याची कल्पना उसनी घेण्याचा, अर्थात् भाषांतरित ऋणशब्दाचा, हा प्रकार आहे. या भाषांतरांमुळे तरवारीची प्रतिमा प्रत्येक भाषेत ताजी राहिली. लॅटिन न जाणणाऱ्या पोलिश मनुष्यालाही हे फूल तरवारीचेच वाटते.

३

आता ज्या वनस्पतीला हे नाव मिळाले तिच्याकडे वळू. ग्रीक-रोमनांना ठाऊक असलेल्या जाती भूमध्य समुद्राभोवतालच्या होत. त्यांतील एक धान्याच्या शेतांत तणासारखी उगवे. इंग्रजीतील तिचे जुने नावही ‘शेतातली पताका’ अशा अर्थाचे आहे. ग्रीक लेखकांना फुलापेक्षा कंदात अधिक रस होता. थिओफ्रास्टसने कंद उकडून, कुटून, पिठात मिसळल्यास भाकरी गोड होते असे लिहिले आहे. डायोस्कोरिडीसने धूप व मद्य यांसह केलेला त्याचा लेप शरीरात रुतलेले काटे व कुसळे बाहेर काढतो असे सांगितले आहे. या वनस्पतीला एकावर एक अशी दोन मुळे असतात, हे त्याचे निरीक्षण विशेष अचूक आहे. ग्लॅडिओलसचा भरीव कंद दर वर्षी क्षीण होतो आणि त्याच्या माथ्यावर नवा कंद धरतो. खणून काढल्यास खाली सुकलेला व वर भरलेला अशी जोडी हाती लागते. तात्पर्य, प्राचीनांच्या दृष्टीने ही वनस्पती अन्न व औषध होती. भेट देण्याजोगे फूल म्हणून तिचा उल्लेख या लेखकांत नाही.

जर्मन भाषिक प्रदेशात मात्र कंदाला एक निराळा अर्थ मिळाला. कंदावरील जाळीदार, तंतुमय आवरण साखळ्यांच्या चिलखतासारखे दिसते. त्यावरून त्याला ‘झीगवुर्त्स’ म्हणजे विजयमूळ आणि ‘आलरमान्सहार्निश’ म्हणजे सर्वांचे चिलखत अशी नावे पडली. त्यांपैकी दुसरे नाव तसेच आवरण असलेल्या एका रानकांद्यालाही होते आणि औषधविक्रेते ‘लांब’ व ‘गोल’ अशा विशेषणांनी त्यांतील भेद दाखवीत. इजा होऊ नये म्हणून हे कंद ताइतासारखे बाळगले जात. ‘विजय’ हा अर्थ येथे खरोखर लोकव्यवहारात होता. परंतु तो फुलाचा नव्हता, कंदाचा होता आणि तरवारीवरून नव्हे, तर चिलखतावरून आला होता.

आज गुच्छात दिसणारे फूल यांपैकी कोणत्याही वनस्पतीचे साक्षात् वंशज नाही. या प्रजातीच्या सुमारे ३०० जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक दक्षिण आफ्रिकेत आहेत. केपमार्गे होणाऱ्या व्यापाराबरोबर अठराव्या शतकात या जाती युरोपातील बागांत पोहोचल्या. १८२३ साली लंडनजवळील चेल्सी येथे कॉलव्हिल यांच्या रोपवाटिकेत दोन केप जातींचा संकर झाला. १८३७ च्या सुमारास बेल्जियममध्ये आंगियाँ येथे आरेनबर्ग ड्यूकच्या उद्यानातील बेडिंगहाउस याने मोठ्या फुलांचा संकर सिद्ध केला आणि १८४१ साली घेंटच्या लुई व्हान हाउट याने तो बाजारात आणला. घेंटच्या लॅटिन नावावरून त्याला ‘गांदाव्हेन्सिस’ म्हणतात. पुढे फ्रान्समध्ये नान्सी येथील व्हिक्टर लेम्वान याने त्यात भर घातली. आजचा उंच, दाट फुलांचा दांडा हे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय माळ्यांच्या श्रमाचे फळ आहे.

ज्या मुलखातून हे पूर्वज आले तेथील लोकभाषेत त्यांची नावे काय होती, हे पाहणे उद्बोधक आहे. आफ्रिकान्स भाषेत एका जातीला ‘काल्कुन्की’, म्हणजे टर्की पक्ष्याचे पिल्लू, म्हणतात. संध्याकाळी सुगंध देणाऱ्या जातींना ‘आन्तब्लोम’, म्हणजे सायंपुष्प, म्हणतात. या नावांत तरवार कोठेच नाही. एकाने रंग व आकार पाहिला, दुसऱ्याने गंध हुंगला. भूमध्यसागरी तणाचे तरवारवाचक नाव आफ्रिकी फुलांवर चढले ते शास्त्रीय वर्गीकरणाच्या मार्गाने.

४

या पार्श्वभूमीवर ग्लॅडिएटरांच्या कथेची परीक्षा करता येते. ‘ग्लॅडिएटर’ आणि ‘ग्लॅडिओलस’ हे दोन्ही शब्द ‘ग्लॅडियस’पासून निघाले आहेत, हे निर्विवाद आहे. परंतु ते एकमेकांपासून निघालेले नाहीत. एकात तरवार हे हातातील शस्त्र आहे, दुसऱ्यात ती पानाची उपमा आहे. एकाच आईची ही दोन मुले भिन्न घरांत वाढली; त्यांची भेट झाल्याचा पुरावा स्वतंत्रपणे दिला पाहिजे.

रोमन रिंगणातील पुरस्कारांविषयी साहित्यात व शिल्पांत पुरेशी माहिती आहे. विजेत्याला ताडाची फांदी मिळे, क्वचित् पुष्पमुकुट मिळे, रोख रक्कम मिळे. ज्याला या व्यवसायातून मुक्त करावयाचे त्याला ‘रुडिस’ नावाची लाकडी तरवार दिली जाई. कलोसियमच्या उद्घाटनानिमित्त सम्राट टायटसने इ. स. ८० मध्ये भरविलेल्या खेळांत प्रिस्कुस आणि वेरुस हे दोन योद्धे बरोबरीने लढले आणि दोघांनाही लाकडी तरवार व ताडाची फांदी देण्यात आली, असे मार्शल या कवीने वर्णिले आहे. ग्लॅडिओलसच्या फुलांचा निर्देश या वर्णनात नाही.

म्हणजे रोमन रिंगणात तरवारीची भेट खरोखर होती. परंतु ती लाकडी तरवार होती आणि तिचा अर्थ विजय हा नसून सुटका हा होता. लढणाऱ्या मनुष्याला, बहुधा गुलामाला, मिळू शकणारी सर्वांत मोठी देणगी म्हणजे पुन्हा न लढण्याची मुभा. ती कथा विस्मरणात गेली आणि फुलांच्या वर्षावाची रम्य कथा रूढ झाली. दोन शब्दांच्या नादसाम्यावरून एक प्रसंग कल्पिला गेला, असेच या कथेचे स्वरूप दिसते. लोकव्युत्पत्ती शब्दाचे रूप बदलते हे भाषाशास्त्रात सुपरिचित आहे. येथे खऱ्या व्युत्पत्तीनेच खोट्या इतिहासाला जन्म दिला आहे.

५

फुलांना ठराविक अर्थ देणाऱ्या कोशांचा उगमही असाच अर्वाचीन आहे. लेडी मेरी वोर्टली मॉण्टेग्यू ही इंग्रज वकिलाची पत्नी तुर्कस्तानात असताना तिने १७१८ साली एका पत्रात तेथील ‘सेलाम’ या संकेतपद्धतीचे वर्णन केले. तिची पत्रे १७६३ साली, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली आणि पौर्वात्य स्त्रिया फुलांच्या द्वारे गुप्त संभाषण करतात ही कल्पना युरोपात पसरली. परंतु सेलाममध्ये केवळ फुले नव्हती. मोती, लवंग, कागद, साबण, कोळसा अशा वस्तूही होत्या. शिवाय वस्तूचा अर्थ तिच्या गुणावरून ठरत नसे; तो यमकावरून ठरे. तुर्कीमध्ये ‘अरमुत’ म्हणजे नासपती आणि ‘उमुत’ म्हणजे आशा. म्हणून नासपती पाठविली की आशा द्यावी अशी विनंती समजावयाची. ही युक्ती त्या भाषेबाहेर निरर्थक होय. फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत नासपतीचे आशेशी यमक जुळत नाही.

युरोपीय लेखकांनी सेलामचे बाह्य रूप घेतले आणि यमकाच्या जागी उपमा बसविली. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने ‘फुलांची भाषा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या अनुकरणाने फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका येथे असे कोश मोठ्या संख्येने निघाले. केट ग्रीनअवे हिने चित्रे काढलेला १८८४ चा इंग्रजी कोश त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. त्यात ग्लॅडिओलसचा अर्थ ‘शस्त्रसज्ज’ असा दिला आहे. नव्या संकरित फुलांनी तोवर इंग्लंडच्या बागांत प्रवेश केला होता. परंतु कोशकाराने ते फूल पाहिले नाही, फुलाचे नाव वाचले.

नंतरच्या याद्यांत हा अर्थ पसरत गेला. तरवार म्हणजे बळ, म्हणून चारित्र्यबळ. तरवार हृदयात शिरते, म्हणून प्रथमदर्शनी जडलेले प्रेम. परस्परांशी फारसा संबंध नसलेले हे अर्थ एकाच पात्याच्या दोन धारा आहेत. ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांचे फूल, विवाहाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे फूल, अशा इंग्रजी-अमेरिकी याद्यांतही पुढे ग्लॅडिओलसची नेमणूक झाली. अशा कोशांच्या आधारे लोक खरोखर एकमेकांना संदेश पाठवीत होते काय, याविषयी बेव्हर्ली सीटन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शंका घेतली आहे. हे कोश व्यवहारापेक्षा वाचनासाठी आणि नजराणा म्हणून देण्यासाठी छापले जात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. येथे भेट दिली जात होती ती मुख्यतः पुस्तकाची.

याउलट, शब्दामुळे भेटीवर प्रत्यक्ष बंधन पडल्याचे उदाहरण चिनी भाषिक समाजात मिळते. हाँगकाँग व दक्षिण चीन येथे ‘तरवार-ऑर्किड’ या अर्थाचे चिनी नाव ‘संकट पाहणे’ अशा अर्थाच्या शब्दांशी उच्चारात जुळते. म्हणून आजाऱ्याच्या भेटीला जाताना हे फूल नेऊ नये असा संकेत आहे. त्याच हाँगकाँगमध्ये चांद्र नववर्षाच्या फुलबाजारात ग्लॅडिओलसला चांगली मागणी असते आणि ते घरोघरी मांडले जाते. फूल तेच, नावही तेच. परंतु रुग्णशय्येजवळ नावातील अशुभ ध्वनी ऐकू येतो आणि सणाच्या घरात तो ऐकू येत नाही. लातूरच्या वाचकांना न कळलेले सेलामचे तत्त्व येथे स्वतंत्रपणे जिवंत आहे.

६

शेवटी, ज्या ठिकाणी ग्लॅडिओलस देण्याची चाल निश्चितपणे आहे त्या ठिकाणांकडे पाहू. नेदरलँड्समधील नाइमेगेन येथे दर वर्षी जुलै महिन्यात चार दिवसांचे पदभ्रमण होते. या उपक्रमाचा आरंभ १९०९ साली झाला. सैनिक व नागरिक वयोमानाप्रमाणे दररोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर चालतात. चौथ्या दिवशी ते शहरात परततात तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले आप्त व प्रेक्षक त्यांच्या हाती ग्लॅडिओलस देतात. सिंट आना या रस्त्याला त्या दिवसापुरते ‘व्हिया ग्लॅडिओला’ असे लॅटिन धर्तीचे नाव मिळते. नाइमेगेन हे रोमन काळापासूनचे नगर असल्यामुळे ग्लॅडिएटरांची कथा तेथे सहज पटते. परंतु जुलैमध्ये डच बागांत हे फूल विपुल असते, हे कारण त्याहून साधे आणि पुरेसे आहे.

याच वातावरणातून डच भाषेत ‘मृत्यू किंवा ग्लॅडिओलस’ हा वाक्प्रचार क्रीडाक्षेत्रात रूढ झाला. त्याचे श्रेय सामान्यतः सायकलपटू खेरी क्नेटेमान यांना दिले जाते. फुटबॉल प्रशिक्षक लुई व्हान गाल हे २००९ ते २०११ या काळात म्युनिकच्या बायर्न संघाकडे असताना त्यांनी तो जर्मनमध्येही नेला. ‘जिंकू किंवा मरू’ या मराठी शब्दप्रयोगाशी त्याचे नाते स्पष्ट आहे. मात्र डचमध्ये ‘जिंकणे’ या क्रियेची जागा भेट मिळालेल्या फुलाने घेतली आहे. १८ जुलै २००६ रोजी पदभ्रमणाच्या पहिल्याच दिवशी उष्म्यामुळे दोघांचा मृत्यू झाला आणि उरलेले दिवस रद्द करण्यात आले. वाक्प्रचारातील अतिशयोक्तीला मर्यादा असते, हे त्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या रस्त्याने दाखविले.

दुसरे उदाहरण रशियाचे. १ सप्टेंबरला शाळा सुरू होताना मुले शिक्षकांना पुष्पगुच्छ देतात. सोव्हिएत शासनाने १९८४ साली या दिवसाला ‘ज्ञानदिन’ असे अधिकृत नाव दिले. परंतु फुले नेण्याची चाल त्यापूर्वीची आहे. या गुच्छांत ग्लॅडिओलस इतका नित्याचा आहे की, त्या पिढ्यांच्या स्मृतीत तो शाळेचेच फूल झाला. उन्हाळी घराच्या बागेत ऑगस्टअखेर फुलणारे, उंच आणि लहान मुलाच्या हातातही भारदस्त दिसणारे फूल म्हणून त्याची निवड झाली. ‘श्पाझ्निक’ या नावात तरवार असूनही शिक्षकाला शस्त्र दिले जात आहे, असे कोणाच्या मनात येत नाही. येथे व्यवहाराने नावावर मात केली आहे.

७

महाराष्ट्रात हे फूल ‘ग्लॅडिओलस’ किंवा ‘ग्लॅडिओला’ या उसन्या नावानेच वावरते. मराठीने त्याचे भाषांतर केले नाही. त्यामुळे तरवारीची प्रतिमाही मराठीत आली नाही. पुण्याजवळ गणेशखिंड येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवडलेल्या वाणांना ‘फुले गणेश’, ‘फुले प्रेरणा’ अशी नावे मिळाली आहेत. त्यांत शस्त्राचा मागमूस नाही. मराठीत फुलांच्या संबंधात क्रियापदे वेगवेगळी आहेत : देवाला फूल वाहतात, केसांत माळतात, गळ्यात हार घालतात आणि गुच्छ देतात. पहिल्या तीन क्रियांना देठाचे महत्त्व नाही. चौथीला लांब दांडा लागतो. ग्लॅडिओलस प्रामुख्याने या चौथ्या क्रियेचे फूल आहे आणि सत्कारसमारंभाबरोबर रूढ झालेल्या पुष्पगुच्छाचा इतिहास हाच त्याचा मराठी इतिहास होय.

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ग्लॅडिओलसचे नाव प्राचीन आहे, परंतु ते पानाचे नाव आहे. त्याचा रूढ अर्थ एकोणिसाव्या शतकातील कोशांनी त्या नावातून काढलेला आहे. ते देण्याच्या प्रमुख चाली अर्वाचीन असून त्या ऋतुमान आणि उपलब्धता यांवर उभ्या आहेत. ग्लॅडिएटरांची कथा या तिन्हींना जोडण्यासाठी मागाहून आली. तथापि ती खोटी ठरली म्हणून इतिहासकाराने ती टाकून द्यावी असे नाही. नाइमेगेनच्या रस्त्यावर थकून आलेल्या मनुष्याच्या हाती फूल देताना जर कोणी ती कथा मनोभावे सांगत असेल, तर त्या क्षणी ती चालीचा भाग झालेली असते. अभ्यासकाचे काम एवढेच की, तिला तिच्या खऱ्या शतकात नेऊन बसवावे. मराठी पुष्पनामांविषयी प्रचलित असलेल्या कथांचीही अशीच कालक्रमाने छाननी होणे आवश्यक आहे.